पिवळी गौर

कड्याच्या टोकाला पोचलो तेव्हा सोनकीची झाडं जागेवर होती. फुलं नव्हती.

परवाच मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. बाकी सगळ्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, नुसत्या हिरव्या, घट्ट कळ्या. पण इथं टोकाला माती कमी आणि वारा जास्त, तिथं पाचसहा झुडपं फुललेली. पिवळीजर्द. मी तिथंच बसून फोन काढून फोटो मारलेला.

आता धुकं एवढं होतं की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. मी गुडघ्यावर बसून एकेक देठ चाचपला. देठ होते, पानं होती, वरचं पिवळं तेवढं गायब. टोकाला बोट लावलं तर ताजा चिकट रस लागला. म्हणजे आत्ताच कुणीतरी येऊन गेलं होतं.

पहिल्यांदा गव्यावर संशय गेला. आमच्याकडं गवे उतरतात. पण सोनकीला जनावर तोंड लावत नाही. शेजारी कवळा होता, तोपण पिवळाच फुलतो आणि ढोरं तो मिटक्या मारत खातात. त्याचं एक पान हाललं नव्हतं. कवळा सोडून सोनकी खाणारा, तीपण फक्त फुलं, देठ तसेच ठेवून, असा गवा अजून जन्माला आला नाही. देठ नखानं खुडल्यासारखे होते.

त्या दिवशी गौर यायची होती. दुपारच्या आत पोरी सड्यावर येणार होत्या, आणि त्यांना यातलं एक तरी फूल मिळायलाच पाहिजे होतं.

का मिळायला पाहिजे होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या खिरवडीत गौरीला मुखवटा नसतो, साडी नेसवलेली उभी बाईपण नसते. गावातली तानूआत्या बिनलग्नाच्या पोरींना घेऊन म्हातारीच्या सड्यावर येते, तेरडा आणि बाकीची दोनचार झाडं मुळासकट उपटते, सुपात ठेवते आणि वाजतगाजत खाली नेते. तीच गौर. त्या सुपात सोनकी असली आणि तिचं एक जरी फूल उमललेलं असलं तर ती पिवळी गौर. कळ्याच असल्या तर हिरवी. वेशीवर तानूआत्या सुपात बघते आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगते, पिवळी का हिरवी.

सोनकी तिच्या वेळेला फुलते आणि गणपती त्यांच्या वेळेला येतात. अधिक महिना पडला की सण लांबतो आणि गौरीला सगळा सडा पिवळा असतो. नाहीतर गौर येऊन जाते आणि सोनकी मागून फुलते.

आता यात विशेष काय? तर पिवळ्या गौरीच्या साली गावातली रुसून गेलेली, पळून गेलेली, बापानं नाव टाकलेली कुठलीपण लेक घरी येऊ शकते. तिला विचारायचं नाही. कुठं होतीस, का आलीस, कधी जाणार, काहीच नाही. दार उघडं ठेवायचं आणि पाट मांडायचा. आणि एकदा आली की झालं, पुढं हिरव्या सालीपण तिला कुणी अडवत नाही. हे कुणी लावून दिलं माहीत नाही. आमच्या गावात पाण्यावरनं, बांधावरनं, स्पीकरच्या आवाजावरनंसुद्धा भांडणं होतात, पण हे कुणी मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझी ताई, वैजयंता, आम्ही वैजू म्हणतो, तिनं दोन वर्षांमागं लग्न केलं होतं. समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत, तिथं प्रवीण दुरुस्तीला होता. मुलगा चांगला, जात दुसरी. साताऱ्यात रजिस्टर केलं आणि घरच्या लँडलाइनवर फोन केला, तेव्हा ती चालू होती. आमचे वडील, आबा, ओरडले नाहीत, मारायला धावले नाहीत. त्यांनी फोन आईच्या हातात दिला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. त्या दिवसापासनं घरात तिचं नाव बंद. मला एकच बहीण, पण आबा असले की मीपण तिचं नाव घ्यायचो नाही. जेवताना तिचा विषय यायला लागला की आई ठसका लागल्याचं सोंग करायची.

ती गेली त्याच्या आधीच्या साली गौर पिवळी होती. ती गेल्यावर पहिल्या साली हिरवी आली. आणि हे दुसरं साल. सण ऑगस्टमध्येच आलेला, त्यामुळं गावात कुणी पिवळीची आशा धरली नव्हती. पुढच्या साली अधिक महिना होता, तेव्हा पिवळी नक्की. पण पुढच्या सालापर्यंत थांबून चालणार नव्हतं. ताईला सातवा महिना लागला होता.

हे आईला आणि मला माहीत होतं. आबांना नाही. लँडलाइन बंद पडलेली, मोबाइलला गावात रेंज नाही, रेंज सड्यावर. म्हणून आई गवताला म्हणून वर यायची, तासभर बोलायची आणि घाईघाईनं चार काड्या कापून खाली जायची. ताईला सासू नव्हती. प्रवीणला कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय, एकटीनं राहू नका म्हणून सांगितलेलं. आई म्हणाली, मी येते साताऱ्याला. ताई म्हणाली, आबांना चोरून येऊ नकोस, मला तसली आई नको. आईनं मग तिलाच इकडं बोलावलं. त्यावर ती म्हणाली, आले तर दारातनं येईन, मागच्या पडवीतनं नाही. दोघींचं एवढ्यावर अडलं होतं. दोघी सारख्याच. आबा तिसरे.

परवा फुलं बघितली तेव्हा मी तिला तिथनंच फोन लावला होता. तिनं किती झाडं ते दोनदा विचारलं. मग म्हणाली, गौर वेशीतनं आत आली की फोन कर, तोवर मी पिशवी भरत नाही.

तर मी त्या खुडलेल्या देठांपुढं बसलो होतो आणि डोकं चालत नव्हतं. कवळ्याची फुलं सुपात टाकावी असंपण मनात आलं. पण तानूआत्याला कवळा आणि सोनकी कळणार नाही असं होणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात धुक्यात कोणतरी खोकलं.

तो खोकला मी झोपेतपण ओळखला असता. पुढं गेलो. खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन आबा कड्याला पाठ करून उकिडवे बसले होते. टोपी काढून मांडीवर उलटी ठेवलेली. समोरच्या झुडपाचं शेवटचं फूल त्यांनी अंगठ्याच्या नखानं खुडलं आणि टोपीत टाकलं. टोपी निम्मी पिवळी होती.

मग त्यांना मी दिसलो.

"तू कशाला आलास वर?"

"तुमी कशाला आलाय?"

"गवा उतरलाय म्हणत होती माणसं. बघाय आलतो."

"आन् गवा टोपीत फुलं गोळा करतोय व्हय?"

त्यांनी टोपी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, जशी काय तिथं ठेवली की मला दिसणार नव्हती.

मला एवढा राग आला होता की मी खाली बसलो. उभा राहिलो असतो तर काय बोललो असतो सांगता येत नाही. आबांच्या पुढं आवाज चढवायची आमच्यात सवय नाही. पावसाचं बारीक तुसार येत होतं. मी विचारलं, गेल्या सालीपण तुम्हीच का. मला वाटलं नाही म्हणतील. गेल्या साली गौर सप्टेंबरात होती, थोडी तरी सोनकी फुलायला हवी होती, आणि पोरींना एक फूल मिळालं नव्हतं. पाऊस उघडला नाही म्हणून, असं सगळं गाव म्हणालं होतं.

"गेल्या साली लई फुलली होती," आबा म्हणाले. "दोन दिस लागलं."

भात लावायला दोन दिवस लागले म्हणावं, तसं म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. दोन दिवस हा माणूस पावसात या सड्यावर वाकून एकेक फूल खुडत होता, आणि आम्ही घरी समजत होतो की खेकड्याला गेलाय. खेकडे मात्र आणले नव्हते, ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एवढ्या फुलांचं केलं काय, विचारलं. त्यांनी म्हातारीच्या दगडाकडं हात केला. सड्याच्या मधोमध शेंदूर लावलेला उभा दगड आहे, तीच म्हातारी.

"तिच्या पायाशी ठेवली. गौरीची फुलं. टाकून कशी द्यायची?"

म्हणजे लेकीची वाट बंद करायची, पण फुलाला पाय लागू द्यायचा नाही. मला हसावं का रडावं कळेना. मनात होतं ते सगळं एका दमात बोलून टाकलं तर ऐकतील असं वाटत नव्हतं. म्हणून एकच सांगितलं.

"ताईला सातवा हाय, आबा."

त्यांचे हात टोपीच्या काठावर होते. तिथंच राहिले.

"कोण म्हणलं?"

"आई."

"तिला कुणी सांगितलं?"

"ताईनं. फोनवर. हितं येऊन बोलती की ती रोज."

आबांनी हाताजवळचं गवत मुठीत धरून बघितलं.

"म्हंजे गवत..." ते म्हणाले. "तरीच म्हणलं, दोन म्हशींना रोज किती गवात लागतं."

मग मी बाकीचं सांगितलं. सासू नसल्याचं, पाळ्यांचं, डॉक्टरचं. रक्तदाब म्हणजे काय असतं ते त्यांनी विचारलं. मला जेवढं कळत होतं तेवढं सांगितलं.  सांगून झाल्यावर मी म्हणालो की तुम्हाला ती यायला नकोच असेल तर तसं तोंडानं सांगा, आईला मी साताऱ्याला नेऊन सोडतो आणि म्हशींचं मी बघतो. फुलं कशाला खुडता.

"मला नको असं कोण म्हणलं?"

"मग?"

त्यांनी टोपीतलं एक फूल उचललं, उलटंसुलटं केलं, परत आत ठेवलं. आबांना बोलताना हाताला काहीतरी चाळा लागतो. दोरी, काडी, काहीपण.

"गौर हिरवी आली," ते म्हणाले, "तर माणसाला म्हणता येतं की बाबा, दार बंद हाय. ती तरी कशी येणार. गाव बी तेच म्हणतंय. पिवळी आली, दार उघडून बसलो, सगळं गाव दाराकडं बघतंय, आन् ती आलीच न्हाई तर? मग काय म्हणायचं, दिग्या?"

 मी दोन वर्षं समजत होतो की आबांनी दार लावून घेतलंय. दार लावणाऱ्या माणसाला असली भीती कशाला वाटेल?

"ती नामदेवाची पोरगी ठावं हाय का तुला," ते पुढं म्हणाले. मला ठाऊक नव्हती. माझ्या जन्माआधीची गोष्ट. त्या साली सडा पिवळाधमक होता. नामदेवानं दाराला तोरण लावलं, पाट मांडला, पुरण घातलं. पोरगी आली नाही. पाट तीन दिवस तसाच. गौर गेली, त्यानं पाट उचलला. पुढं नामदेव बरीच वर्षं जगला, पण गौरीच्या दिवसांत गावात थांबायचा नाही, भावाकडं जायचा. आबा तेव्हा तरणे होते. पुरण वाढायला तेच होते त्या घरी.

हे त्यांनी मला सांगितलं, आईला कधी सांगितलं असेल असं वाटत नाही.

मी खिशातनं फोन काढला. पिशवीत गुंडाळलेला होता. टोकाला रेंजच्या दोन काड्या होत्या. काही न बोलता ताईला लावला, स्पीकर केला आणि फोन त्यांच्या पुढं धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कढत वाटी घेतात तसा.

"आली का गौर?" ताईचा आवाज आला. "दिग्या?"

आबांनी फोन जरा लांब धरला.

"वारा लई ऐकू येतोय. सड्यावर हायस व्हय? आरं बोल की, का घसा बसलाय?"

आबा खोकले. मुद्दाम नाही, खोकला आलाच. तिकडनं नुसता पंख्याचा आवाज येत होता तिच्या खोलीतला.

"आबा?"

"हं."

 मी फोनच्या काड्यांकडं बघत होतो, एक गेली, परत आली. वाटलं, आता कट होणार.

"आबा," ताई म्हणाली, "फुललीय का?"

आबांनी मांडीवरच्या टोपीकडं बघितलं. नाही म्हणाले असते तर खोटं नव्हतं. समोर एक फूल झाडावर शिल्लक नव्हतं. मी माझं तोंड गच्च मिटून धरलं.

"फुललीय," आबा म्हणाले. "सावकाश ये. घाटात खड्डं हायती."

आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडं ताईनं पिशवी ओढल्याचा आवाज आला. मी ठेवला.

आबा उठले. कंबर धरून त्या सगळ्या भुंड्या झुडपांवरनं एकदा नजर फिरवली.

"आता रं?" ते म्हणाले. "फुलली म्हणून सांगून बसलोय मी."

आम्ही टोकाची सगळी कड धुंडाळली. मी दक्षिणेकडनं, ते उत्तरेकडनं. आबांचं काम चोख होतं. कपारीतलं, दगडाआडचं, खालच्या टप्प्यावरचंसुद्धा, जिथं मी हातच काय नजर टाकायला घाबरलो असतो, तिथलं फूलपण त्यांनी सोडलं नव्हतं. मी म्हणालो, एखादं तरी विसरायचं. ते म्हणाले, मला काय ठावं.

तेवढ्यात खालच्या वाटेवर पोरींचा आवाज आला. सोबत हलगी.

आबा झटकन खाली बसले. एक बऱ्यापैकी उंच सोनकी बघितली, तिच्याभोवतीची माती बोटांनी जरा सैल केली, म्हणजे उपटताना हिसका बसायला नको. मग गवताची वाळकी बारीक काडी मोडून घेतली. पत्रावळीला पान टाचतात तसं टोपीतलं एक फूल देठाच्या टोकावर धरलं आणि काडी आरपार घातली. पहिलं फुटलं. दुसरं फुटलं. आमच्या घरच्या लग्नांत शेकड्यानं पत्रावळी आबांनी टाचलेल्या आहेत, पण पळसाचं पान वेगळं आणि हे फूल वेगळं. तिसऱ्याला मी देठ धरला, त्यांनी श्वास रोखला आणि बसलं. मग एक अजून. मग तिसरं.

चौथं टाचताना हलगी अगदी जवळ आली. धुक्यातनं आधी सूप दिसलं, मग तानूआत्या, मग नऊवारीचे काष्टे घातलेल्या पोरी.

तानूआत्या धापा टाकत थांबली. वय झालेलं, पण सूप कुणाच्या हातात देत नाही. तिनं आधी आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"जगन्नाथा, तू हितं काय करतूयस?"

"गवा उतरलाय म्हणाले, बघाय आलतो."

"मग?"

"गेला."

ती पुढं आली. सोनकीपुढं वाकली. गुडघे दुखतात तिचे, वाकताना आई गं म्हणते, तसं म्हणाली. आणि वाकली ती तशीच राहिली. तिचं नाक फुलापासनं वीतभर असेल. मी काडीचं टोक देठाच्या बाहेर आलेलं बघत होतो. ते तिला दिसत नव्हतं असं होऊच शकत नव्हतं. आबा दुसरीकडं बघत होते. डोकं उघडं, अंगठ्याचं नख पिवळं.

मागनं माझ्या चुलत्याची पल्लवी पुढं डोकावली. तिची नजर तेज.

"अगं आत्या, ह्ये टाचलंय की."

तानूआत्या मान न वळवता म्हणाली, "तुझ्या पोलक्याला दोन टाचण्या हायती, त्या मी गावाला सांगत फिरलीय का?"

पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. गौरीपुढं दात काढायचे नाहीत म्हणून तिनं दटावलं, झाड मुळासकट अलगद काढलं, तेरड्याशेजारी सुपात निजवलं आणि वरनं पदर धरला. वारा लागायला नको म्हणून. उतरताना सगळ्या वाटेवर तो पदर तिनं हलू दिला नाही. एरवी गौर उघडी नेतात.

वेशीवर बायका ताटं घेऊन थांबल्या होत्या. आई पुढं होती. तानूआत्यानं पदर काढला, सुपात बघितलं. फुलं अजून जाग्यावर होती, एक जरा कललेलं.

"पिवळी," ती म्हणाली.

एवढ्या लवकर सण, त्यामुळं कुणाचा विश्वास बसेना. दोघीतिघी पुढं होऊन बघायला लागल्या तशी ती खेकसली, गौर आहे, बाजारातली मेथी नाही. आईच्या हातातलं ताट कललं, निरांजन विझलं. शेजारणीनं परत लावून दिलं. आई आबांकडं बघत होती. आबा जाऊन गर्दीच्या मागं उभे राहिले होते.

दुपार लांबच लांब गेली. आमचं दार सताड उघडं. पाट मांडलेला. आबा ओट्यावर बसून बांबूची जुनी पाटी विणायला घेऊन बसले, तीच काडी घालायचे आणि तीच काढायचे. आमच्या घरावरनं कुठलीच वाट जात नाही, तरी त्या दुपारी सगळं गाव आमच्या दारावरनं कुठं ना कुठं निघालं होतं. जाताना कुणी थांबलं नाही. फक्त चालताना पावलं मंद व्हायची. प्रत्येकाच्या पावलाला आबांचा हात थांबायचा.

ऊन आलं आणि गेलं. यंदाच्या पाळीनं आमच्या घरात मांडलेल्या गौरीची फुलं माना टाकायला लागली. खुडलेलं फूल, किती वेळ तग धरणार? आईनं पाणी शिंपडून बघितलं. एक तर काडीसकट गळून पाटावर पडलं. ओवाळायला आलेल्या बायका ते बघायला लागल्या, तर तानूआत्या आधीच तिथं पाय पसरून बसलेली.

"दमलीय," ती म्हणाली. "लांबनं आलीय. दमत न्हाई का माणूस?"



दिवे लागायच्या जरा आधी वेशीवर गाडीचा आवाज झाला. आबांनी पाटी खाली ठेवली. उठले नाहीत. उठायला गेले आणि परत बसले. मी पुढं पळालो.

कुणाची तरी मागून आणलेली जुनी ओमनी होती. ताई उतरली. एका हातानं दार धरून, दुसरा हात कमरेवर. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, चपलेचा पट्टा सोडलेला. ती सगळ्या गावातनं चालत आली. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं होती. तिला कुणी काही विचारलं नाही. म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. बारकी पोरंसुद्धा गप्प होती, त्यांना आधीच दम दिलेला असणार.

दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. दोघी रडल्या नाहीत. आई म्हणाली, डावीकडनं ये, तिथं घसरतंय. ताई आत आली आणि आबांच्या पाया पडायला वाकायला गेली. तिला वाकता येईना.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो ठेवलाच. मग तिच्या खांद्यावरनं त्यांची नजर बाहेर गेली, गल्लीतनं सरळ वेशीपर्यंत.

प्रवीण वेशीच्या पलीकडं, गाडीजवळच उभा होता. हातात तिची पिशवी, पिशवी तशीच धरलेली. कारण पिवळ्या गौरीची मुभा लेकीला. जावयाचं काय, ते आत्तापर्यंत कुणी ठरवलेलंच नव्हतं. यायचं म्हणून नव्हतं, येऊ नये म्हणूनही नव्हतं. त्यानं आपल्या मनानं आत पाऊल टाकलं नव्हतं. ताईनं त्याला तसंच सांगून आणलं असणार, मला सोड आणि जा. तो गेला नव्हता, एवढंच.

ओट्यांवरची माणसं आता आबांकडं बघत होती. तानूआत्या दारात येऊन उभी राहिली होती. तीपण आबांकडंच बघत होती. तिच्या अखत्यारीतलं नव्हतं ते.

आबांनी टोपी घातली. पायात वहाणा घालायचं विसरले. सगळ्यांच्या देखत गल्लीतनं सावकाश वेशीपर्यंत गेले. मी मागं होतो. प्रवीण पिशवी एका हातातनं दुसऱ्या हातात घेऊन नमस्काराला वाकायला लागला, पण आबा त्याच्यापुढं थांबलेच नाहीत. गाडीला एक फेरी मारली. चाक बघितलं. आरशावर आलेला चिखल अंगठ्यानं पुसला. मग त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"गाडी हितं नका लावू," आबा म्हणाले. "गुरं अंग घासत्यात. घराम्होरं घ्या."

प्रवीणला आधी कळलंच नाही. तो माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली तसा तो गाडीत बसला.

आबा वळले आणि गाडीच्या पुढं चालायला लागले. अनवाणी, खांद्याला पिशवी, वाटेतले दगड पायानं बाजूला सारत.